मी पाह्यलं ते सांगतो

शेअर बाजार कोसळल्याची बातमी आमच्या शाळेत दर काही दिवसांनी यायची, आणि त्या वेळी पोरं कडुनिंबावरची वानरं बघत असायची.

पोरांचा त्यात काही दोष नव्हता. शाळा भरली की परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, मग एक सुविचार, मग दिनविशेष, आणि मग एक मूल पुढं येऊन पेपरातल्या बातम्या वाचतं. आमच्या गावात पेपर सकाळच्या बसनं येतो, पण तो आधी पानठेल्यावर थांबतो, तिथून शिंप्याकडं जातो, आणि शाळेत पोचतो तेव्हा खिचडीची भांडी घासायला पडलेली असतात. म्हणजे परिपाठात वाचायला नेहमी कालचा पेपर. पोरगं अडखळत 'आयात शुल्क' वाचायचं, मधेच श्वास घ्यायचं, 'शुल्क' तिथंच राहायचं आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटायचं नाही.

गाव हिंगणीच्या पुढं, बोर धरणाच्या जंगलाला खेटून आहे. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. मी सेलूहून रोज दुचाकीवर येते. आमचे हेडसर सज्जन माणूस. ज्या ज्या गोष्टीवर वरच्या ऑफिसातून विचारणा होऊ शकते, त्या प्रत्येक गोष्टीला भिणारा. मी भीत नाही. मला राग लवकर येतो, आणि रागात माणसाला भ्यायला सवड मिळत नाही.

तर एक दिवस पाचवीतला पोरगा 'शुल्क' शोधत उभा होता, समोरची लाईन वानरांकडं तोंड करून उभी होती, आणि माझं डोकं सटकलं. मी त्याच्या हातातला पेपर घेतला, घडी केली आणि म्हटलं, "उद्यापासून पेपर बंद. उद्यापासून गावातली बातमी आणायची. स्वतः पाहिलेली. ऐकीव आणली तर चालणार नाही."

हेडसर म्हणाले, "मॅडम, परिपत्रकात तसं..." मी म्हटलं, सर, परिपत्रकात बातम्या असं लिहिलंय, कुठल्या ते लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच पोरानं माईक हातात घेतला. माईक म्हणजे आमचं वैभव. गावातल्या गणेश मंडळानं नवा संच आणला तेव्हा जुना माईक आणि भोंगा शाळेला देऊन टाकला होता. भोंगा शाळेच्या छपरावर, तोंड गावाकडं. पोरगा म्हणाला, "मी पाह्यलं ते सांगतो. आमची गाय पहाटे व्याली. गोऱ्हा झाला. त्याच्या कपाळावर पांढरा टिक्का हाये."

सगळ्या माना वानरांवरून वळल्या. लाईनीतून कुणीतरी ओरडलं, "उभा राह्यला का?" पोरगा माईकमध्येच म्हणाला, "राह्यला. पण पडते."

एवढीच बातमी. पण मधल्या सुट्टीपर्यंत त्याच्या घरापुढं चीक मागायला बायका गंज-पातेली घेऊन हजर. संध्याकाळी त्याची आई मला फाटकावर गाठून म्हणाली, "काय जी मॅडम, सारं गाव लावलं माह्या मांगं. घरच्या पोट्ट्याईले खरवस उरला नाही." आणि हसत सुटली. त्या दिवशी मला कळलं की आपल्या हाती काहीतरी चांगलं लागलं आहे. इतका आनंद मला बीएडचा निकाल लागल्यावरही झाला नव्हता.

'मी पाह्यलं ते सांगतो' हे मग ठरूनच गेलं. पहिलीचं पोरसुद्धा आधी ते म्हणायचं आणि मग बातमीला हात घालायचं. इकडं मुलीही स्वतःला 'सांगतो'च म्हणतात, त्यात मी पडले नाही. मी फक्त एकच शिकवत होते. प्रत्येक मुलाच्या मागं उभी राहून रोज तेच एक वाक्य म्हणायचं, "माईक तोंडाजवळ धर." कारण पोरं बोलायची छान, पण बोलता बोलता माईक हळूहळू पोटापाशी जायचा आणि बातमी गावाऐवजी बुटांना ऐकू जायची.

शनिवारचा नियम मी मुद्दाम वेगळा केला. शनिवारी आपल्या मोहल्ल्याची बातमी चालायची नाही, दुसऱ्या मोहल्ल्यातली आणायची. वरच्या आळीतल्या पोरांना त्यामुळं बौद्धपुऱ्यात जाऊन यावं लागे, तिथल्या पोरांना नाल्याकडच्या मोहल्ल्यात. शाळेत ही पोरं एका पंगतीत खिचडी खायची, पण शाळा सुटली की ज्याची त्याची वाट वेगळी. सुरुवातीला काही घरांतून कुरकुर झाली, आमच्या पोराला तिकडं काऊन पाठवता म्हणून. मी म्हटलं, बातमी आणायला. पोरं जाऊ लागली. विहारात नवी फरशी बसतेय हे पाटलाच्या नातवानं सांगितलं, आणि पाटलाच्या म्हशीच्या शिंगाला पट्टी बांधली आहे हे बौद्धपुऱ्यातल्या पोरीनं. आपल्या घरची खबर दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडून भोंग्यावर ऐकताना गावाला गंमत वाटायला लागली.

हे सगळं चालू असताना सातवीतली एक मुलगी मात्र माईक हातात आला की न बोलता पुढच्याला देऊन टाकायची.

ती माझ्या वर्गात आली त्या पहिल्या वर्षी मी तिच्यापायी फार हैराण झाले होते. मला वाटलं होतं, हिला ऐकूच येत नाही. मग कळलं की सगळं ऐकू येतं, गणितं येतात, कविता पाठ आहेत, फक्त तोंड उघडत नाही. विचारलं तर मान हलवायची. हो असेल तर खाली, नाही असेल तर बाजूला. एकदा तिच्या आईला शाळेत बोलावून मी विचारलं, "घरी बोलते का हो ही?" आई दाराच्या चौकटीपाशी पदर दातात धरून उभी होती. तिनंही नुसती मान हलवली. मी काय ते समजले.

बाप बोलायचा, पण मोजकं. नाल्याकडच्या मोहल्ल्यात घर, थोडी शेती, एक बैलबंडी, आणि इज्जत मात्र मोठी. ती सातवीत गेली त्या वर्षी दिवाळीनंतर तो मला म्हणाला होता, "मॅडम, सातवी झाली का घरीच ठेवतो तिले. आठवीले हिंगणीले जा लागते, बस हाये, परकं गाव हाये. कोनी काही म्हटलं त हे सांगन कोनाले? तोंडच नाही तिले."

मला राग आला. पण बापाचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या शाळेपुढं शाळा नाही. मुलगी घरी बसली की बसली, मग कुणीतरी स्थळ आणतं. माझ्यापाशी उन्हाळ्यापर्यंतचा वेळ होता आणि त्या वेळात मला त्या मुलीच्या तोंडून आवाज काढायचा होता. मी तिला रागावून पाहिलं, चॉकलेट देऊन पाहिलं, मैत्रिणीबरोबर जोडीनं उभं करून पाहिलं. मैत्रीणच सगळं बोलून टाकायची.

आणि मग एका मंगळवारी, खिचडी झाल्यावर नळावर हात धुता धुता, माझ्या शेजारून आवाज आला, "मॅडम, गुरुवारी माहा नंबर हाये. मी सांगतो."

मी वळून पाहिलं नाही. मांजर पहिल्यांदा जवळ येतं तेव्हा जसं आपण हलत नाही, तशी मी हात धूत राहिले. म्हटलं, "बरं." घरी जाताना मात्र हिंगणीपर्यंत गाडीवर एकटीच मोठमोठ्यानं गाणं म्हणत गेले.

बुधवारी माती झाली.

बुधवारी नंबर होता तिच्याच धाकट्या भावाचा. पहिलीतलं पोर, शर्टाचं एक बटण वर, एक खाली. त्यानं माईक धरला, तोंडाजवळ धरला, अगदी शिकवल्याप्रमाणं, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी पाह्यलं ते सांगतो. काल आमच्या घरी मामा आलता. बाबानं मोहाची आनली. मंग बाबा नाचला."

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे. ही बंदी इतकी जुनी आहे की मी जन्मले तेव्हाही होती. कोण काय करतं, कुठून आणतं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण ते सगळं न बोलता ठाऊक असायचं असतं. सकाळच्या परिपाठात, भोंग्यावरून, गावाकडं तोंड करून ते सांगायचं नसतं. पोराला ते कोण सांगणार? मीच तर म्हटलं होतं, पाहिलेलं सांग.

हेडसर पांढरे पडले आणि प्लग काढायला धावले. घाईत त्यांनी पंख्याचा प्लग काढला. त्यामुळं 'मामा बी नाचला' हेसुद्धा गावभर गेलं.

बाप शाळा सुटायच्या आधीच आला. मागं आणखी काही माणसं होती, काही रागावलेली, बरीचशी मजा बघायला आलेली. तो आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं. त्यानं तसलं काही केलं नाही. म्हणाला, "पोट्टं खोटं नाही बोललं, मॅडम. पण मी ठेल्यावर गेलो त सारे नाचून दाखवून राह्यले मले." त्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि मला वाईट वाटलं.

हेडसरांनी माईक कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं, आणि शुक्रवारी दुपारी पालकसभा बोलावली.

गुरुवारी ती मुलगी आली ती दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, चेहऱ्याला पावडर लावून. घरी इतकं झालं असूनही आली. परिपाठात बातम्यांची वेळ झाली तशी आपसूक पुढं आली, पाहिलं तर माईक नाही. हेडसर म्हणाले, "आज बातम्या नाहीत. प्रश्नमंजुषा घ्या." ती जागेवर परत गेली. मी त्या दिवशी हेडसरांशी बोलले नाही. डब्यातली भाजीसुद्धा विचारली नाही, आणि आमच्याकडं ती फार मोठी शिक्षा आहे.

पण राग गिळून मी दुपारी सातवीच्या वर्गात गेले आणि फळ्यावर काही न लिहिता विचारलं, "कालच्या बातमीत चूक काय होती?"

"खोटी नव्हती," एकजण म्हणाला.

"मग?"

ती मुलगी बाकावर खाली मान घालून बसलेली, बातमी तिच्याच घरची. मग तिच्या पुढं बसणारा पोरगा म्हणाला, "ज्याची बातमी हाये त्याले आधी विचारा लागते." दुसरा म्हणाला, बापाला विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता का? म्हणजे मग लपवायचंच का? सारा वर्ग पेटला. कुणी म्हणे लपवू नये, कुणी म्हणे घरचं भोंग्यावर नेऊ नये. मी खुर्चीवर गप्प बसून होते. मला गप्प बसायला फार त्रास होतो, पण त्या दिवशी बसले. शेवटी बौद्धपुऱ्यातली एक पोरगी उठली आणि हात कमरेवर ठेवून म्हणाली, "कोनी चुकलं त आधी त्याले घरी जाऊन सांगाचं. नाही ऐकलं त जो मोठा हाये त्याले सांगाचं. भोंगा शेवटी."

मी मनात म्हटलं, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे कुठल्या पानावर आहे, कुणी मला दाखवा. इतकी वर्षं मी संविधानाची उद्देशिका पाठ करून घेतली होती. ही पोरं कायदा पाठ करत नव्हती, तयार करत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी खडू शोधायचं नाटक केलं.

पालकसभा कडुनिंबाखाली भरली. पुरुष खुर्च्यांवर, बाया व्हरांड्यात उभ्या, पोरं समोर जमिनीवर. मागणी एकच होती, गावच्या बातम्या बंद करा आणि पेपर वाचा. एक म्हातारेबुवा काठी आपटत म्हणाले, "पेपरातल्या बातम्यांनं आजवर कोनाचं बिघडलं नाही."

"कारण त्या आजवर कुणी ऐकल्याच नाहीत," मी म्हटलं. व्हरांड्यातून हसू आलं. बुवांनी काठी पुन्हा आपटली.

मग सातवीतल्या पोरांनी आपले नियम सांगितले. स्वतः पाहिलेलं हवं. ज्याची बातमी त्याला विचारून. आणि भोंगा शेवटी. माणसं ऐकत होती. दोघातिघांनी मानाही हलवल्या. तेवढ्यात बाप उठला.

"नियम बरोबर हाये," तो म्हणाला. "पण माही इज्जत त गेली ना जी. ते कोन आनून देते? बंद करा हे."

हेडसर घसा खाकरून, ठीक आहे, मग बंद असं म्हणणारच होते, तोच पोरांच्या ओळीतून ती उठली. वेण्या आता सुटायला आल्या होत्या.

"बंद नका करू," ती म्हणाली. "माहा नंबर राह्यला."

इतका बारीक आवाज की म्हातारेबुवा म्हणाले, "काय म्हनते?" पण बापानं ऐकलं होतं. तो मागं वळून तिच्याकडं बघत राहिला. चारचौघांत तिनं बोललेलं पहिलं वाक्य होतं ते, आणि ते बापाच्या विरुद्ध होतं. पण ती खाली बसली नाही.

बाप खुर्चीवर बसला. म्हणाला, "तिचा नंबर होऊ द्या. मंग पाहू."

शनिवारी सकाळची शाळा असते. थंडीचे दिवस, धरणातून कालव्याला पाणी सोडलेलं, सगळीकडं धुकं. येताना नाल्याच्या रपट्यापाशी, म्हणजे ठेंगण्या फरशीपुलापाशी, मला आडव्या टाकलेल्या बाभळीच्या काट्या दिसल्या आणि त्यांना बांधलेला एक तांबडा कपडा. उतरून पाहिलं तर रपट्याच्या कडेची माती खालून वाहून गेली होती आणि वर नुसती पापुद्र्यासारखी खडी उरली होती. गाडीसकट गेले असते तर आज हे लिहायला नसते. ज्या कुणी भल्या माणसानं हे केलं त्याला मनातल्या मनात आशीर्वाद देत मी गाडी तिथंच लावली आणि दगडांवरून पाय टाकत शाळेत पोचले. उशीर झाला होता. प्रार्थना संपत आली होती.

भोंगा पुन्हा जोडलेला होता. हेडसर भिंतीपाशी बोर्डाला हात लावून तयार उभे, या वेळी बरोबर प्लगावर. ती पुढं आली. माईक हातात घेतला. आणि नुसती उभी राहिली.

सगळी शाळा तिच्याकडं बघत होती. ती हलेना. मग मला दुसरं काही सुचेना म्हणून मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले आणि रोजच्यासारखं रोजच्याच आवाजात म्हटलं, "माईक तोंडाजवळ धर."

तिनं धरला.

"मी पाह्यलं ते सांगतो," ती म्हणाली. आवाज आधी फाटला, मग सरळ झाला. "हिंगणीच्या रस्त्यावरचा रपटा खचला. खालून भगदाड पडलं, वरून दिसत नाही. काल राती वावरातून येताना माह्या बाबानं पाह्यलं. बाबानं दोनी बाजूनं काट्या टाकल्या, आपला दुपट्टा फाडून बांधला. मी काट्या धरल्या. त्या काट्या बंडीवरून पडल्या नाही, कोनी बाजूले सारू नका. मोटारसायकल नेऊ नका. आता बस येईन, धुकं हाये, डायवरले दिसनार नाही. कोनीतरी पुढं जाऊन थांबवजा." मग एक क्षण थांबून तिनं जोडलं, "बाबाले विचारून सांगून राह्यलो."

शनिवारचा नियम दुसऱ्या मोहल्ल्याच्या बातमीचा होता. पण रपटा कुणाच्याच मोहल्ल्यात येत नाही, किंवा सगळ्यांच्याच येतो. मी त्यात पडले नाही.

भोंगा बंद व्हायच्या आत गावातून आवाज यायला लागले. दूधवाला कॅन बांधून, गाडीला किक मारून निघालाच होता. कुंपणाच्या काट्या नेताना बंडीवरून नेहमीच काही पडतात, लोक पायानं सारतात आणि पुढं जातात, तोही तेच करणार होता. त्यानं गाडी स्टँडवर लावली. तीन-चार तरणी पोरं धुक्यातून रपट्याकडं धावत सुटली. थोड्या वेळानं पलीकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला, मग ब्रेक, मग पोरांची आरडाओरड. शाळेतली सगळी लेकरं कान देऊन ऐकत होती. मग ती पोरं पेपरचा गठ्ठा डोक्यावर घेऊन नाचत परत येताना दिसली, आणि आमच्या परिपाठाची लाईन पार मोडली. मी मोडू दिली. मीही टाळ्या वाजवत होते. हेडसरही वाजवत होते, आणि त्यांच्या हातून प्लग निघून पडला होता, हे त्यांना कळलंही नाही.

एसटीचा ड्रायव्हर पायी चालत शाळेपर्यंत आला. "कोन बोललं भोंग्यावर?" त्यानं विचारलं. पोरांनी तिला पुढं ढकललं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत गेला.

बाप शाळेच्या भिंतीबाहेर उभा होता. खांद्यावर दुपट्टा नव्हता. ठेल्यावरची माणसं त्याच्या भोवती जमली होती, आणि बुधवारी ज्यांनी नाचून दाखवलं होतं त्यातलाच एक त्याला म्हणत होता, "चाल, चहा पेऊ." तो गेला नाही. आधी फाटकापाशी आला.

"आवाज चांगला हाये जी तिचा," मला म्हणाला.

"आहे."

"घरी पताच नाही लागत." तो जरा घुटमळला. पायानं माती उकरली. मग म्हणाला, "मॅडम, बसचा पास कुठं काढा लागते?"

मी पुढं काय बोलले ते मला आठवत नाही. फक्त एवढं आठवतं की मी जिंकले असं मला वाटलं, आणि मग वर्गात जाऊन पाहिलं तर जी खरोखर जिंकली होती ती बाकावर बसून सुटलेली रिबीन दातात धरून वेणी घालत होती.

बातम्या बंद करण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. उलट पुढच्या आठवड्यात म्हातारेबुवाच काठी टेकत आले आणि भोंग्याचा आवाज आमच्या आळीत नीट येत नाही, तोंड थोडं वळवा, अशी तक्रार करून गेले. आता परिपाठाच्या वेळी गावात मिक्सर बंद होतात. सुट्टी लागली की लोक मला रस्त्यात विचारतात, बातम्या कधी सुरू होतात म्हणून. शाळा मुलांना समाजात राहायला शिकवते, असं आम्ही भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलं आहे. समाजानं मुलांसोबत कसं राहावं हेही शिकवता येतं, असं कुणी लिहिलं नव्हतं. ते आमच्या पोरांनी भोंग्यावरून शिकवलं.

मुलगी आठवीला हिंगणीला जायला लागली. पुढच्या सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आमच्याच मैदानात, आमच्याच माईकवर भरली. आपल्या शाळेतलं झेंडावंदन आटोपून ती तोवर परत आली होती आणि आमच्या पोरांच्या मागं उभी होती, उंच झालेली, खांद्याला दप्तर. सरपंचांनी विषय वाचले, माणसं बोलली, आणि शेवटी रिवाजाप्रमाणं त्यांनी विचारलं, "बायांपैकी कोनाले काही बोलाचं हाये का?" आमच्याकडं हे विचारून कागद गुंडाळायचे असतात. ते गुंडाळतही होते.

व्हरांड्यातून तिची आई उतरली. डोक्यावरचा पदर सावरत सगळ्या पुरुषांमधून चालत आली आणि तिनं माईक हातात घेतला. मला कळेना मी जागी आहे की नाही. ती काहीतरी बोलत होती, ओठ हलत होते, पण भोंग्यातून नुसती खरखर. माईक पोटापाशी गेला होता. लोक हसायला लागणार, असं वाटलं. मी उठणार इतक्यात मागून मोठा आवाज आला. त्या आवाजाला आता माईकची गरज उरली नव्हती.

"माय, माईक तोंडाजवळ धर!"

आईनं धरला.

"मी पाह्यलं ते सांगतो," ती म्हणाली, आणि ते छपरावरून सगळ्या गावाला ऐकू गेलं. "बसथांब्याजवळच्या खांबावरचा लाइट बंद हाये. पोट्ट्या हिंगणीहून येतात, अंधारातून घरी येतात. मी घरी सांगितलं. मंग सरपंचाले सांगितलं. आता भोंग्यावर सांगतो."